बाटलीतली मूलपेशी: एका गैरसमजाची पार्श्वभूमी

खानापूर-निपाणीकडून बेळगावात जीवशास्त्र शिकायला येणाऱ्या मराठी मुलांना मूलपेशींचा (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनतात त्या पेशींचा) धडा बहुधा इंग्रजीतच गिरवावा लागतो, आणि त्यात ‘कल्चर’, म्हणजे पेशींचे शरीराबाहेरचे संवर्धन, हा शब्द इतक्या सहज येऊन जातो की, बाटलीत वाढवलेली पेशी म्हणजे शरीरातलीच पेशी, असा समज होऊन बसतो. खुद्द शास्त्रज्ञांनाही तो सुटायला बराच काळ लागला.

१९१२ साली अलेक्सी कॅरेल यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. ते संवर्धन तीन दशकांहून अधिक काळ चालले आणि पोषण मिळत राहिले तर पेशी अमर असते, असे मानले जाऊ लागले. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी माणसाच्या सामान्य पेशी सुमारे ५० वेळा दुप्पट होऊन थांबतात, हे दाखवले. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले तेव्हा हा निष्कर्ष अवघा दोन वर्षांचा होता. पुढे १९७० च्या सुमारास अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांनी अस्थिमज्जेतल्या (हाडाच्या पोकळीतल्या गरातल्या), पात्राच्या तळाला चिकटून वसाहती करणाऱ्या पेशी वेगळ्या काढल्या. त्याच पुढे मेसेंकायमल मूलपेशी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

हे चिकटणेच मुळात परके आहे. अस्थिमज्जा मऊ असते आणि तिथे ऑक्सिजन कमी असतो. फ्लास्कमध्ये तळाला कडक प्लॅस्टिक, वर जवळपास बाहेरच्याइतकाच ऑक्सिजन असलेली हवा आणि भोवती सीरम घातलेले गुलाबी द्रव. पेशींनी तळ भरला आणि द्रव पिवळसर झाले की ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने त्यांना सोडवून नव्या फ्लास्कमध्ये वाटून घालतात. याला प्रयोगशाळेत ‘पॅसेज’ म्हणतात. त्या गुलाबी द्रवातले सीरम साधेसुधे अन्न नव्हे, ते गोठलेल्या रक्तातून निघते, म्हणजे शरीरात पेशीची त्याच्याशी गाठ पडते ती जखमेच्या जागी. १९९९ मध्ये मायक्रोअ‍ॅरेच्या, म्हणजे कोणती जनुके किती जागी आहेत हे मोजणाऱ्या चकतीच्या, साहाय्याने आठ हजारांहून अधिक जनुके एकाच वेळी तपासली गेली, तेव्हा सीरम दिलेल्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशींमध्ये जखम भरून काढण्याशी संबंधित अनेक जनुके जागी झालेली आढळली. पॅसेज वाढत गेले की विभाजनाला लागणारी जनुके मंदावतात आणि विभाजन रोखणारे पी१६ हे जनुक चढत जाते.

सगळाच बदल मात्र एकेका पेशीत घडत नाही. खानापूरकडे राखून ठेवलेल्या मिसळ बियाण्यात जी भाताची जात जास्त दाणे देते तिचे प्रमाण वर्षागणिक वाढते, तसेच फ्लास्कमध्ये भराभर वाढणाऱ्या पेशी बाकीच्यांना मागे टाकतात. सगळ्या पेशींची सरासरी काढली, तर जनुके बदलली की पेशींचे प्रमाण बदलले, हे कळतच नाही. एकेका पेशीतला आरएनए (जागी असलेली जनुके ज्यावरून कळतात तो रेणू) वाचण्याची सोय २००९ पासून होऊ लागली, त्यानंतरच हा गुंता सुटायला लागला.

तोवर व्याख्या मात्र ठरून गेली होती. मेसेंकायमल मूलपेशी ओळखण्यासाठी २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय निकष ठरले. त्यांत पेशीच्या पृष्ठभागावर सीडी३४ हे प्रथिन नसणे ही एक अट आहे. चरबीतून नुकत्याच काढलेल्या अशा पेशींवर हेच सीडी३४ असते, आणि काही पॅसेजनंतर ते ओसरते.