टाचेतला रहाट आणि अर्धीच कापायची दोरी

टाच दुखते म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो "हाड वाढलं असेल". एक्स-रे काढला की खरंच टाचेच्या हाडाला पुढे एक चोच दिसते आणि माणूस धसकाच घेतो, प्रत्येक पावलाला हा काटा आत टोचतोय असं त्याला वाटायला लागतं. आता मोबाईलवर जाहिरात फिरतेय, "दहा मिनिटांत काटा गायब, टाका नाही". मला ती आठवड्यात तिघांनी पाठवली, म्हणून लिहायला बसलो.

तो काटा बहुतेक वेळा गुन्हेगार नसतोच! ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत तो असतो, आणि ज्यांना सकाळी पाय टेकवत नाही त्यांच्यात कित्येकदा नसतो. दुखतो तो तळपायातला पट्टा, प्लांटर फॅशिया. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा जाड, पांढरा, जेमतेम ताणला जाणारा पट्टा. आजाराचं नाव प्लांटर फॅशिआयटिस, त्यातल्या 'आयटिस'मुळे सगळे सूज समजतात, पण २००३ साली टाचेच्या ऑपरेशनच्या ५० केसेसमधले नमुने तपासले तेव्हा सुजेच्या खुणा नव्हत्या, होते ते झिजलेले, विस्कटलेले धागे.

आता माझी आवडती गोष्ट. अनवाणी उभे रहा, पायावर वजन असू द्या आणि कुणाला तरी तुमच्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगा. बघा, तळव्याची कमान आपोआप वर चढते, तुम्ही कुठलाही स्नायू आवळलेला नसताना! विहिरीवरचा रहाट आठवा, दोरी गुंडाळली की पोहरा वर येतो. इथे अंगठ्यामागच्या हाडाचं गोल डोकं म्हणजे रहाटाचं चाक, पट्टा म्हणजे दोरी. अंगठा वर वाकला की पट्टा त्या डोक्याभोवती गुंडाळला जातो, टाच आणि चवडा यांच्यामधली दोरी तेवढी कमी पडते, दोन्ही टोकं जवळ ओढली जातात आणि मधली कमान उचलली जाते. हे हिक्स नावाच्या संशोधकाने १९५४ मध्ये मांडलं. चालताना टाच उचलून आपण चवड्यावर येतो तेव्हा नेमकं हेच होतं, मऊ लवचिक पाऊल क्षणात ताठ होतं आणि जमिनीला रेटा देतं. दिवसातून हजारो वेळा.

टाचदुखीच्या ऑपरेशनमध्ये हाच पट्टा कापून सैल करतात, म्हणूनच त्यातली खरी कसरत कापण्यात नाही, थांबण्यात आहे. दुर्बिणीच्या पद्धतीत टाचेच्या बाजूला सेंटीमीटरपेक्षा लहान छेद घेतात, आडवी नळी सरकवतात, एकीकडून कॅमेरा आणि दुसरीकडून आकड्यासारखं पातं. स्क्रीनवर पांढरे चकचकीत धागे एकेक करून सुटतात आणि फटीतून खालचा लाल स्नायू दिसायला लागतो, तिथला पट्टा पूर्ण सुटल्याची ती खूण. पण हे फक्त आतल्या बाजूला, साधारण अर्ध्या रुंदीपर्यंतच. सगळी दोरी तोडली तर कमान खचते, भार बाहेरच्या कडेवर जातो आणि तिथे नवीनच दुखणं सुरू होतं. दुसऱ्या पद्धतीत सोनोग्राफीत बघत जाड सुई घालतात, तिचं टोक अल्ट्रासाउंडने थरथरतं आणि फक्त खराब झालेला भाग तोडून शोषून घेतात, पट्टा अखंड राहतो. छेद लहान म्हणजे ऑपरेशन किरकोळ असं समजू नका, शेजारूनच नस जाते, आणि कधी कधी तीच दाबली गेल्यामुळे टाच दुखत असते, मग पट्टा कापून काय उपयोग?

आणि मॅग्नेटवाले सोल घेऊ नका, प्लीज. २००३ मध्येच खरे आणि खोटे मॅग्नेट घालून तुलना झालीय, फरक शून्य.

दहातल्या आठ-नऊ जणांना वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरं वाटतं. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो, म्हणून पहिलं पाऊल सगळ्यात जास्त दुखतं. उठल्यावर पाय जमिनीवर टेकवायच्या आधीच बोटं हाताने नडगीकडे ओढा, दहा सेकंद धरा, असं दहा वेळा. हे सहा महिने नेटाने करूनही फरक पडला नाही तर जरूर सर्जनकडे जा, आणि पहिला प्रश्न विचारा, "डॉक्टर, पट्टा किती कापणार आणि किती ठेवणार?"