दीड हजारांचा इन-इअर मॉनिटर आणि खर्जाची तार

इन-इअर मॉनिटर म्हणजे कानाच्या नळीत बसणारा इअरफोन. त्याचा बेस, म्हणजे खालचे स्वर, तपासायचे म्हटलं की शास्त्रीय संगीताचे शौकीन हमखास तानपुरा लावतात. कल्पना सुरेख, पण परीक्षा फसवी. काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरलेल्या) तानपुऱ्यात खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’ची तार साधारण ६९ हर्ट्‌झला मिळवलेली असते. जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठभागामुळे, तिच्या नादाचा मोठा वाटा मात्र १३९, २०८, २७७ हर्ट्‌झ अशा मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या स्वरांशांत जातो. घोडीची ही करामत सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अभ्यासली होती. मूळ ६९ हर्ट्‌झ पार गाळून टाकले, तरी स्वरांशांमधल्या समान अंतरावरून मेंदू खर्ज स्वतःच भरून काढतो. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरवरही खर्ज ‘ऐकू’ येतो तो यामुळेच. थोडक्यात, इथे पास होतो तो कान, इअरफोन नव्हे.

बेससाठी वरचे स्वरांश नसलेला एकच निखळ स्वर हवा. टोन जनरेटरचं, म्हणजे हवा तो स्वर वाजवणारं, कुठलंही फुकट ॲप चालेल. ४० हर्ट्‌झ लावा, आवाज बेताचा ठेवा आणि कानातली जोडी बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर गुंजन वाढलं, तर हवा गळते आहे. दोष ड्रायव्हरचा (आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा) नसून टिपचा (कानात बसणाऱ्या मऊ टोपीचा) आहे. कानाची नळी बंद असेल तरच ड्रायव्हरचा इवलासा पडदा तिथल्या चिमूटभर हवेवर पुरेसा दाब आणू शकतो. बारीक फट राहिली की सर्वांत आधी खालचे स्वर निसटतात. ‘बेसच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. सोबत आलेल्या तिन्ही मापांच्या टिप लावून पाहा. डाव्या-उजव्या कानाला वेगळी मापं लागली तर नवल नाही. घालताना दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, जोडी किंचित फिरवत आत सरकवा. आत जाताना कुरकुर आवाज आला तर घाबरू नका, कोंडलेल्या हवेने ड्रायव्हरचा पडदा वाकतो. सावकाश घातली की थांबतं.

आता वरच्या पट्टीकडे. उघडा कान जवळजवळ ३००० हर्ट्‌झच्या आसपासचे स्वर आपणहून मोठे करतो, कारण अडीच सेंटिमीटरची नळी एका टोकाला बंद असलेल्या बासरीसारखी घुमते. तिथे बूच बसवलं की हे घुमणं जातं. म्हणून इन-इअर मॉनिटर बनवणाऱ्याला तो उंचवटा ट्यूनिंगमध्ये मुद्दाम घालावा लागतो. तो कमी पडला की गाणारा पडद्याआड बसल्यासारखा वाटतो; जास्त झाला की सनई आणि तारसप्तकातला आवाज टोचू लागतो. स्वस्त मालात खरा फरक इथे दिसतो. खोक्यावरचे ‘२० ते ४०,००० हर्ट्‌झ’ आणि ड्रायव्हरची संख्या खुशाल विसरा.

बंद नळीचं स्वतःचं वेगळं घुमणंही असतं. टिपपासून कानाच्या पडद्यापर्यंत दोन सेंटिमीटर उरले तर ते साधारण ८५०० हर्ट्‌झला येतं. ५००० ते १०,००० हर्ट्‌झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा स्वर) अगदी हळू आवाजात चालवा. एका जागी आवाज एकदम उसळेल. जोडी दोन मिलिमीटर आत सरकवली की ती जागा वर सरकते. त्यामुळे इंटरनेटवरच्या इअरफोन-मोजणीच्या आलेखांतला ८००० हर्ट्‌झजवळचा सुळका तुमच्या कानात तिथेच असेल असं नाही. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम कानाची नळी वेगळी, तुमची वेगळी. ‘स’, ‘श’ आणि ‘चमचा’तला ‘च’ सुरीसारखे लागत असतील, तर आधी जोडी थोडी आत-बाहेर करून पाहा, मग इक्वलायझरने (ठरावीक पट्टीचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) त्या जागी ३ डेसिबल उतरवा. बोलण्याचा स्वच्छ ध्वनिमुद्रित आवाज यासाठी गाण्यापेक्षा बरा, कारण माणसाचा आवाज कसा असावा हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज समान करणं अटळ आहे. १ डेसिबलने मोठी असलेली जोडी ‘जास्त स्पष्ट, जास्त भरीव’ वाटते, मोठी वाटतच नाही. मोबाईलची आवाजाची एक पायरी याहून मोठी असू शकते, म्हणून बारीक पायऱ्या देणारं प्लेअर ॲप वापरा. मधल्या पट्टीतलं एकच गाणं, दहा सेकंदांचाच तुकडा, आलटून पालटून.

शेवटी मोनो फाइल, म्हणजे दोन्ही कानांना तोच आवाज देणारी, लावा. आवाज कपाळाच्या बरोब्बर मध्ये यायला हवा. तो एका बाजूला झुकला तर डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्यात घाला. झुकावाची बाजू बदलली, तर दोष इअरफोनमध्ये. झुकाव तसाच राहिला, तर कानात किंवा त्या कानात टिप नीट न बसण्यात. आवाज मध्ये न येता डोक्यात पसरला, तर निघणाऱ्या केबलची एका बाजूची दोन-पिन (दोन टोकांची जोडणी) उलटी बसली आहे का ते पाहा.

पावसाळ्यात कोकणपट्टीत एक बाजू अचानक मंद होते, ती बहुधा जाळीवर साचलेल्या ओलाव्याने. रात्रभर सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवली की बहुतेक वेळा सुधारते. मळ असेल तर टिप काढून तोंड खाली धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा. टाचणी मात्र लावू नका, जाळी फाटली की त्या बाजूचं ट्यूनिंगच बदलतं.