खंजिरीचा हात का थरथरला?

डीव्हीडी पाहता पाहता मोठ्या आईने हात जोडले. टीव्हीवर आमच्या गावचं खंजिरी भजन मंडळ दिसत होतं. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर लागलेला हा कार्यक्रम कोणीतरी व्हीसीआरवर टेप करून ठेवला होता. मधोमध बसलेल्या माझ्या बाबांचा खंजिरीवरचा हात असा काही थरथरत होता, की तो माणसाचा वाटेना. "पाह्य, अंगात येत जाय त्याच्या," ती म्हणाली. "म्या तवाच सांगतलं होतं तुमाले."

आमचं गाव तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरीच्या अंगाला. ज्या तुकडोजी महाराजांनी जन्मभर बुवाबाजीवर आसूड ओढले, त्यांच्याच भजनात कोणाच्या अंगात यावं, हे काही मला पटेना. शिवाय मूळ कॅसेट मी लहानपणी इतक्यांदा पाहिलेली, की बाबांचा प्रत्येक ठेका मला पाठ होता. तिच्यात हात नीट चालत होता. म्हणजे जो काही संचार झाला, तो कॅसेटची डीव्हीडी होताना.

डीव्हीडी बाहेरून करून आणली होती, वर 'एचडी क्वालिटी' असं स्टिकर. व्हीएचएस टेपवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेघांचा तपशील मावतो. नसलेला तपशील स्टिकर लावून येत नाही. ते असो.

तीच डीव्हीडी कॉम्प्युटरवर लावून चित्र थांबवलं, तर थरथरीऐवजी वेगळंच दिसलं. हाताच्या कडेला कंगव्यासारखे आडवे दाते! बाकी बसलेली मंडळी स्वच्छ, दाते फक्त हलणाऱ्या हाताला. "टेप खराब झाली" असं लोक म्हणतात ते यालाच, पण टेपचा यात काही दोष नसतो.

जुना डबा टीव्ही अख्खं चित्र एका दमात कधी काढतच नसे. पऱ्हाटीच्या वावरात डवरा धरणाऱ्याने आधी १, ३, ५ असे एकाआड एक तास, म्हणजे ओळ, डवरत शेवट गाठावा, मग पुन्हा वरून सुरुवात करून राहिलेले २, ४, ६ घ्यावेत, तसा इलेक्ट्रॉनचा झोत काचेवरून फिरे. एका फेरीत अर्धं चित्र, दुसरीत उरलेलं अर्धं. सेकंदाला अशा ५० फेऱ्या, म्हणजे पूर्ण चित्रं २५. या अर्ध्या चित्राला इंग्रजीत फील्ड म्हणतात, म्हणजे वावरच. तेव्हा उपमा मी अगदीच ओढूनताणून आणलेली नाही.

एवढा उपद्व्याप कशासाठी? पडदा सेकंदाला २५ वेळाच उजळला तर तो डोळ्यांना लुकलुकताना दिसतो. ५० वेळा पूर्ण चित्र पाठवावं, तर लहरींमध्ये जागा दुप्पट लागते. ५० वेळा अर्धं चित्र पाठवलं, की डोळाही फसतो आणि जागाही वाचते.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. आपल्याकडच्या जुन्या 'पाल' (PAL) टीव्ही पद्धतीत एका चित्राच्या रेघा ६२५ असत, आणि हा आकडा विषम आहे यातच सगळी गंमत आहे. एका फेरीच्या वाट्याला साडेतीनशे नाही, तीनशे नाही, बरोबर ३१२॥, म्हणजे तीनशे साडेबारा, रेघा येतात. पहिली फेरी अर्ध्या रेघेवर संपते, म्हणून दुसरी अर्ध्या रेघेपासून सुरू होते. त्यामुळे तिच्या सगळ्या रेघा पहिल्या रेघांच्या बरोबर मधल्या फटीत पडतात. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, कोणी झोताला वर-खाली ढकलावं लागत नाही. रेघा ६२४ असत्या तर दुसरी फेरी पहिलीच्याच अंगावर पडली असती आणि फटी रिकाम्या राहिल्या असत्या. शिवाय ६२५ म्हणजे ५ × ५ × ५ × ५. सेकंदाला ३१,२५० ठोक्यांचं एक घड्याळ घ्या. त्याला चारदा ५ ने भागलं की ५० फेऱ्या मिळतात, आणि एकदा २ ने भागलं की १५,६२५ रेघा. भागाकार करणारी सर्किटं साध्या व्हॉल्व्हची, म्हणजे काचेच्या नळ्यांची, होती तेव्हा ५ ने भागणं सोपं जाई. लहानपणी टीव्ही सुरू झाल्याबरोबर कानात जी बारीक शिट्टी वाजायची आणि आजोबांना कधीच ऐकू यायची नाही, ती याच १५,६२५ ची.

तर दोन अर्धी चित्रं एकाच क्षणाची नसतात, त्यांच्यात १/५० सेकंदाचं अंतर असतं. खंजिरीचा हात पाव सेकंदात अर्धा पडदा ओलांडत असेल, तर ७२० ठिपके रुंदीच्या चित्रात एका फेरीमागे तो २९ ठिपके सरकतो. कॉम्प्युटर दोन्ही अर्धी चित्रं एकत्र करून दाखवतो, तेव्हा तेच २९ ठिपके दाते होऊन दिसतात.

हे झालं दात्यांचं. थरथर मात्र माणसाच्या चुकीची होती. कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरात घेणाऱ्या कॅप्चर कार्डने सम-विषम रेघांपैकी वरची फेरी आधी घेतली होती, आणि डीव्हीडी बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'खालची आधी' असं निवडलेलं राहिलं. मग टीव्हीवर क्षण लागले ते २, १, ४, ३, ६, ५ असे. हात पुढे, मग मागे, पुन्हा पुढे, सेकंदाला पंचवीस वेळा. स्थिर माणसाला काहीच होत नाही, हलणाऱ्याच्याच अंगात येतं.

मी कॅसेट पुन्हा घेतली. व्हीसीआरची पिवळी-पांढरी-लाल वायर यूएसबी कॅप्चरला जोडली आणि फेऱ्यांचा क्रम बरोबर ठेवला. पूर्ण चित्र साठवायचं तर सेकंदाला सुमारे २ कोटी बाइट लागतात, आणि ४.७ जीबीची डीव्हीडी चार मिनिटंही पुरत नाही. एमपीईजी-२ या पद्धतीने आवळलं की त्याच डीव्हीडीत दोन तास बसतात. हे आवळणं ज्या गणितावर चालतं, ते नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये छापलं. तो विषय इथे नको, एक आख्खा लेख होईल.

डीव्हीडी 'बर्न' होते म्हणजे जळत नाही. ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर आतल्या सेंद्रिय रंगावर डाग पाडतो, एवढंच. उन्हाने सुती कापड विटतं तसा हा रंगही विटू शकतो, म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या छताखाली डीव्हीडी ठेवू नये. मी दोन प्रती काढल्या, इन्व्हर्टरवर. लिहिताना मध्येच वीज गेली की कोरी डीव्हीडी वाया जाते.

नवी प्रत मोठ्या आईला लावून दिली. बाबांचा हात सरळ चालत होता, ठेका चुकत नव्हता. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "पयलीच बरी होती, बापा."