पोर्तो ते सांतियागो, समुद्रकाठाने पायी: व्हिसा कुठल्या देशाचा, कागद कोणते, क्रेदेन्सिअल कसं मिळतं

पोर्तुगालच्या पोर्तो शहरातून निघायचं, अटलांटिकच्या कडेकडेनं उत्तरेला चालत राहायचं, मिन्यो नदी होडीनं ओलांडून स्पेनमध्ये शिरायचं आणि सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलपाशी पोचायचं. कामिनो म्हणजे सांतियागोला जाणारी जुनी पायी यात्रा. तिच्या अनेक वाटांपैकी ही पोर्तुगीज किनारी वाट, सुमारे २७० ते २८० किलोमीटरची. रोज वीस-बावीस किलोमीटर चालणाऱ्याला दोन आठवडे धरून चालतील.

या वाटेवर चालायला परवाना लागत नाही, आगाऊ नोंदणी नाही, फी नाही. धर्माची अट नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला कागदपत्रं लागतात ती दोन कामांसाठी: शेंगेन व्हिसा, म्हणजे स्पेन-पोर्तुगालसह युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा, आणि यात्रेकरूचं ओळखपुस्तक, म्हणजे क्रेदेन्सिअल. दुसरं काम पाच मिनिटांचं आहे. पहिल्याला मात्र वेळ द्यावा लागतो, कारण व्हिसाच्या अर्जात रोजचा मुक्काम आधी लिहून द्यावा लागतो आणि पायी चालणाऱ्याचा मुक्काम तर पायांवर ठरतो. हा पेच सोडवता येतो, पण खोट्या कागदांनी नव्हे.

अर्ज स्पेनकडे की पोर्तुगालकडे?

विमान पोर्तोला उतरतं म्हणून पोर्तुगालचा अर्ज, असं गृहीत धरू नका. शेंगेनचा नियम असा की ज्या देशात मुक्काम जास्त किंवा प्रवासाचा मुख्य हेतू ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच भरत असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश बघायचा.

आता रात्री मोजा. पोर्तोत दोन, मग विला दो कोंदे, इश्पोझेंदे, वियाना दो कास्तेलो आणि कामिन्या इथे एकेक: पोर्तुगालमध्ये सहा. पुढे ओया, बायोना, विगो, रेदोंदेला, पोंतेवेद्रा, काल्दास दे रेईस, पाद्रोन आणि सांतियागोत दोन: स्पेनमध्ये नऊ. परतीचं विमान पोर्तोहून असेल आणि शेवटची रात्र तिथे काढणार असाल तरी हिशेब सात विरुद्ध नऊ. चालत जिथे पोचायचं ते सांतियागोही स्पेनमध्येच. तेव्हा अर्ज स्पेनचा. याच कार्यक्रमाला लिस्बनच्या चार रात्री जोडल्या तर पारडं पोर्तुगालकडे झुकतं, आणि मग अर्जही तिकडेच करावा.

स्पेनचे अर्ज भारतात बीएलएस इंटरनॅशनल स्वीकारते, पोर्तुगालचे व्हीएफएस ग्लोबल. दोन्ही फक्त टपाल खिडक्या आहेत. निर्णय वकिलातीचा असतो, त्यामुळे तिथल्या जादा पैशांच्या सेवा घेतल्यानं व्हिसा मिळण्याची शक्यता वाढत नाही. विमान वाटेत फ्रँकफर्टला बदलणार असेल तर अर्जातल्या ‘पहिला प्रवेश’ या रकान्यात जर्मनी लिहा. अर्ज कुठल्या देशाचा, यावर त्याचा परिणाम होत नाही.

व्हिसा कोणाला लागत नाही?

पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोवेकरांना अर्थातच नाही, ते युरोपीय संघाचे नागरिक आहेत. शेंगेन देशाचा निवास परवाना असलेल्यांनाही नाही. अमेरिकेचं ग्रीन कार्ड किंवा ब्रिटनमधला निवासाचा हक्क असलेल्या, पण पासपोर्ट भारतीय असलेल्या मराठी मंडळींना मात्र व्हिसा लागतो. त्यांनी अर्ज राहत्या देशातून करायचा.

कागदपत्रं

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू राहणारा, आणि दोन पानं कोरी. सोबत भरून सही केलेला अर्ज, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा अलीकडचा फोटो, जाण्यायेण्याचं विमान आरक्षण आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. विमा सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा, आणि आजारी माणसाला मायदेशी आणण्याचा खर्च त्यात हवाच. पॉलिसीच्या तारखांत एक दिवसही उघडा राहता कामा नये.

पैशांसाठी बँकेची स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं. नोकरदारांनी पगारपत्रकं आणि रजा मंजुरीचं पत्र, धंदा असणाऱ्यांनी जीएसटी किंवा उद्यम नोंदणी, निवृत्तांनी पेन्शनचा पुरावा जोडावा. स्पेननं रोजच्या खर्चाचा आकडा आपल्या किमान वेतनाशी बांधला आहे. २०२५ साली तो माणशी दिवसाला ११८.४० युरो होता, म्हणजे पंधरा दिवसांचे १,७७६ युरो. वाटेवर खर्च याच्या निम्म्यातही भागू शकतो, पण खात्यात एवढे दिसायला हवेत. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी मोठी रक्कम खात्यात वळवून घेऊ नका. ती स्टेटमेंटमध्ये लगेच नजरेत भरते आणि तिचा खुलासा द्यावा लागतो. मुलगा किंवा मुलगी पैसे देणार असेल तर तसं पत्र आणि त्यांची आर्थिक कागदपत्रं सरळ जोडा.

आता मुक्कामाचा पेच. वाटेचा स्पेनमधला भाग ज्या गालिसिया प्रांतात येतो, तिथल्या सरकारची आल्बेर्गे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, आगाऊ आरक्षण घेत नाहीत. जो आधी पोचेल त्याला खाट, आणि साधारणपणे एकाच रात्रीसाठी. व्हिसासाठी मात्र प्रत्येक रात्रीचा पत्ता हवा. उपाय असा की खासगी आल्बेर्गे आणि छोट्या हॉटेलांची खरी आरक्षणं करायची, शक्यतो रद्द करता येतील अशी, आणि त्यांच्यासोबत एक दिवसवार तक्ता जोडायचा: तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, मुक्कामाचं नाव आणि पत्ता. कामिन्या ते ओया या ओळीत ‘मिन्यो नदी होडीनं पार’ असंही लिहा. अर्ज बघणाऱ्याला तेवढ्यानं कळतं की माणसानं ही वाट नकाशावर नीट पाहिली आहे. पुढे पाय दुखले आणि एखादा टप्पा तोडावा लागला तर आरक्षण बदलता येतं. एजंटाकडून बनावट आरक्षण विकत घेणं हा मात्र खोटा कागद ठरतो, आणि त्याचा डाग पुढच्या अर्जांवरही राहतो.

सोबतच्या पत्रात हेतू ‘पर्यटन’ लिहून कामिनो चालणार असल्याचं दोन परिच्छेदांत सांगा. चालण्याची सवय, सोबत कोण, परत येऊन कामावर कधी रुजू होणार, एवढं पुरे.

मुदत, फी, नकार

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, गरज पडली तर पंचेचाळीस. मे-जूनमध्ये चालायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच भेटीची वेळ शोधायला लागा, कारण उन्हाळी सुट्टीची गर्दी तेव्हाच सुरू होते. ११ जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५, त्याखालच्यांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे दिले की ५९ महिने नोंदीत राहतात.

नकार आला तर छापील पत्रकावर कारणापुढे खूण असते. ती आधी नीट वाचा. स्पेनच्या बाबतीत महिन्याच्या आत त्याच वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो, किंवा दोन महिन्यांत माद्रिदच्या उच्च न्यायालयात जाता येतं. कमतरता कागदाची असेल तर मला नवा, नीट अर्ज हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर पासपोर्टच्या शिक्क्याऐवजी फोटो आणि ठशांची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे, म्हणून विमानतळावर वेळ हाताशी ठेवा. मिन्यो नदीवर एरवी पासपोर्ट कोणी मागत नाही. घड्याळ तेवढं एक तास पुढे करावं लागतं.

क्रेदेन्सिअल आणि कोम्पोस्तेला

क्रेदेन्सिअल हे घडीचं ओळखपुस्तक पोर्तोच्या कॅथेड्रलमध्ये थोड्या पैशांत मिळतं. नाव, पासपोर्ट क्रमांक, कुठून आणि कसे निघालात, एवढंच त्यात भरायचं. ते असलं तरच सरकारी आल्बेर्गेत जागा मिळते. मुक्कामी मूळ पासपोर्टही दाखवावा लागतो, छायाप्रत चालत नाही.

वाटेत शिक्के घेत जायचे. चर्चमध्ये, आल्बेर्गेत, आणि कित्येकदा कॉफीच्या दुकानात गल्ल्याशेजारी शिक्का आणि शाईची गादी ठेवलेलीच असते. दिवसाला दोन शिक्के घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कोम्पोस्तेला हे यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. पात्रता: किमान १०० किलोमीटर पायी किंवा घोड्यावर, सायकलवर २०० किलोमीटर, आणि हेतू धार्मिक किंवा आध्यात्मिक. हेतू तुम्ही स्वतः सांगायचा. हिंदू, बौद्ध, मुसलमान कोणीही मनापासून आध्यात्मिक हेतूनं चाललं असेल तर पात्र आहे. निव्वळ भटकंती म्हणून चाललेल्यांना वेगळं स्वागतपत्र मिळतं, आणि ज्यांचा हेतू तोच होता त्यांनी तेच मागावं. सगळी वाट चालायला रजा नसेल तर विगोपासून निघाल्यास शंभर किलोमीटर जेमतेम भरतात. एक टप्पा मागे, बायोनापासून सुरुवात केलेली बरी.

सांतियागोत यात्रेकरूंचं कार्यालय कॅथेड्रलपासून काही मिनिटांवर, रुआ दास कारेतास या रस्त्यावर आहे. आधी मोबाईलवर नाव, सुरुवातीचं ठिकाण आणि हेतू भरायचा, मग टोकन, मग खिडकी. तिथे क्रेदेन्सिअलवरचे शिक्के तारखेनुसार तपासतात. कोम्पोस्तेला विनामूल्य आहे. किती किलोमीटर चाललात याचं वेगळं प्रमाणपत्र हवं असेल तर त्याचे थोडे पैसे पडतात. २०२४ साली या कार्यालयानं जवळपास पाच लाख यात्रेकरूंची नोंद केली. उन्हाळ्यात दुपारी रांग वाढते, त्यामुळे संध्याकाळी पोचलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडतानाच गेलेलं सोयीचं पडतं.