फिशरीज मॅनेजमेंट की मरीन कॉन्झर्व्हेशन? मास्टर्स करताना नक्की फरक काय पडतो

समुद्र आवडतो, मासे आवडतात, मग दोन्हीपैकी कुठलंही घेतलं तरी चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि डिग्र्यांची नावंही अशी सरमिसळ असतात की वाटणारच. पण पहिल्याच सेमिस्टरला कळतं की दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. फिशरीजवाला विचारतो, यातले किती मासे पकडले तर पुढच्या वर्षीही तेवढेच मिळतील? कॉन्झर्व्हेशनवाला विचारतो, इथे काय काय टिकलं पाहिजे, आणि त्यात मासा हा फक्त एक भाग, कोरल, कासवं, समुद्री गवत, खारफुटी सगळंच आलं.

म्हणजे एकाचं एकक असतं 'स्टॉक', म्हणजे एखाद्या भागातला एका जातीच्या माशांचा साठा, दुसऱ्याचं जागा. बाकीचे बरेचसे फरक इथूनच निघतात.

फिशरीजमधे गणित आहे, आणि ते टाळता येत नाही हे आधीच सांगून ठेवतो. माशाच्या कानात ओटोलिथ नावाचा बारीक खडा असतो, तो कापून त्यावरची वर्तुळं मोजायची की माशाचं वय कळतं, मग वयानुसार किती मासे जगले किती मेले, किती नवीन आले, हे सगळं मॉडेलमधे टाकून कोटा किती ठेवायचा ते काढायचं. दिवसभर आर (R) हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर उघडून बसायची तयारी हवी. आणि हे गणित चुकलं तर काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे न्यूफाउंडलंडचा कॉड. मासा कमी होत होता पण उरलेला एकाच ठिकाणी गोळा व्हायचा, त्यामुळे ट्रॉलरना पकड चांगलीच मिळत राहिली, आणि त्या पकडीच्या आकड्यांवर भरवसा ठेवल्यामुळे साठा आहे त्यापेक्षा मोठा वाटत राहिला. जुलै 1992 मधे कॅनडाला मासेमारी बंदच करावी लागली, सुमारे 30 हजार लोकांचा रोजगार गेला. त्यामुळे फिशरीज म्हणजे 'जास्त मासे कसे पकडायचे' ते शिकवणारा कोर्स, हा गैरसमज काढून टाका, अर्धा वेळ 'पुरे आता, थांबा' हेच सांगायचं काम असतं.

कॉन्झर्व्हेशनला गणित कमी असं म्हणतात, मला ते अर्धवटच खरं वाटतं. पाण्याखाली टेप लावून सर्व्हे करायचे, राखीव क्षेत्राची हद्द कुठे आखायची ते नकाशावर ठरवायचं, यात आकडेमोड आहेच. पण खरा कस लागतो माणसांशी बोलताना, कारण राखीव क्षेत्र कागदावर जाहीर करणं सोपं, ते पाळून घेणं अवघड. मेक्सिकोतलं काबो पुल्मो 1995 मधे राष्ट्रीय उद्यान झालं, ते तिथल्याच लोकांच्या आग्रहामुळे, आणि राखणही त्यांनीच केली. 1999 ते 2009 या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन 460 टक्क्यांहून जास्त वाढलेलं दिसलं. असं सगळीकडे होत नाही हं.

गंमत म्हणजे ही भिंत तेवढी पक्की नाहीये. सिडनी होल्ट यांनी रे बेव्हर्टन यांच्यासोबत 1957 साली मासेमारीचं जे गणित मांडलं ते आजही फिशरीजवाल्यांना शिकावं लागतं, आणि हेच होल्ट पुढे व्यापारी व्हेल शिकार थांबवण्याच्या लढाईत होते. उलटं मात्र सहसा होत नाही असं माझं मत, म्हणजे स्टॉक असेसमेंट (साठा किती आहे ते काढणं) शिकलेला माणूस संवर्धनात सहज जातो, पण संवर्धनातून तिकडे जायचं तर स्टॅटिस्टिक्स नव्याने शिकत बसावं लागतं.

म्हणून डिग्रीच्या नावावर जाऊ नका. डिपार्टमेंटचे मागच्या दोनतीन वर्षांचे थीसिसचे विषय बघा, स्टॅटिस्टिक्स सक्तीचं आहे का बघा, आणि शिकवणाऱ्यांपैकी कोण प्रत्यक्ष कोटा ठरवणाऱ्या समित्यांवर बसतं आणि कोण राखीव क्षेत्रात काम करतं ते शोधा. नाव 'मरीन कॉन्झर्व्हेशन' आणि आत सगळे थीसिस स्टॉक मॉडेलवर, असंही निघू शकतं.