ब्रिजची बोली आणि फिबोनाची

2022 च्या मार्चमध्ये पॅरिसला नूक नावाच्या एआयने 8 जगज्जेत्या ब्रिज खेळाडूंना हरवलं, तेव्हा "घ्या, आता ब्रिजही गेलं" म्हणून गाजावाजा झाला होता. पण त्या सामन्यात बोली (हुकूम कुठला आणि किती हात करणार ते आधी ठरवणं) नव्हतीच की! नुसते पत्ते खेळायचे होते, आणि ब्रिजवाल्या कुणालाही विचारा, खरी डोकेफोड बोलीतच असते.

तुमची 13 पानं, समोर बसलेल्या पार्टनरची 13, एकमेकांची दिसत नाहीत, तरी दोघांनी मिळून हुकूम कुठला आणि हात (चार पानांची एक फेरी जिंकली की एक हात) किती ते बोली लावून ठरवायचं. एक्क्याचे 4 पॉइंट, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1 धरला तर अख्ख्या कॅटमध्ये 40 होतात, त्यातले दोघांत मिळून 25 च्या आसपास असतील तर गेमपर्यंत (जादा गुण देणाऱ्या बोलीपर्यंत) जायचं. पण कुठला गेम? 3 नो ट्रम्पला (म्हणजे हुकूमच नाही; बोलीच्या आकड्यात 6 मिळवले की हात) 9 हात पुरतात, 4 बदाम किंवा 4 इस्पिकला 10 आणि 5 किलवर-चौकटला तर 11. तरीही दोघांत मिळून 8 इस्पिक निघाली तर सहसा 4 इस्पिकच बरं पडतं.

हे सगळं विचारायला शब्द किती? 1 किलवरपासून 7 नो ट्रम्पपर्यंत फक्त 35 बोल्या (प्रत्येक आकड्यावर किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, नो ट्रम्प अशा चढत्या क्रमाने), आणि प्रत्येक बोली आधीच्या वरच हवी. जिना चढायचा, उतरायचं नाही. म्हणून बोलीचा अर्थ आधी ठरवून ठेवतात (आणि तो प्रतिस्पर्ध्यांनाही सांगावा लागतो, चोरून खुणा चालत नाहीत). पार्टनरने 1 नो ट्रम्प म्हटलं की तुम्ही 2 किलवर म्हणता, त्याचा किलवरशी काडीचा संबंध नाही, "बदाम किंवा इस्पिकची 4 पानं आहेत का?" एवढंच विचारायचं असतं.

आता माझा लाडका भाग. समजा एकाने फक्त विचारायचं, तेही दर वेळी लगेच वरच्या पायरीवर, आणि दुसऱ्याने फक्त सांगायचं. 2 किलवरनंतर 3 नो ट्रम्पपर्यंत 9 पायऱ्या उरतात. एकदाच उत्तर द्यायचं तर 9 निरोप. पण 2 चौकट म्हटलं तर 2 बदाम म्हणून पुढचा प्रश्न, मग वरच्या 7 पायऱ्या सांगणाऱ्याला मोकळ्या, त्यातही पुन्हा तसंच, असं मोजत गेलं की एकूण 55 निरोप बसतात! 1, 2, 3, 5, 8, 13, 21, 34, 55. हेमचंद्राने 12व्या शतकात लघु-गुरूंच्या मांडणीतून काढलेली हीच ती फिबोनाची मालिका, प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. त्या 55 पैकी 2 चौकटच्या वाट्याला 21, 2 बदामला 13, 2 इस्पिकला 8. म्हणजे 13 पानांचे जे संच वारंवार येतात त्यातले साधारण 38 टक्के सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवायचे, 24 टक्के त्याच्या वरच्या, आणि विचित्र संच वर ढकलायचे.

शंखात, देवळात, नटीच्या चेहऱ्यात सुवर्ण गुणोत्तर शोधणारे मेसेज येतात ना, त्यातले बहुतेक ओढूनताणून असतात. इथे मात्र ते नियमातूनच निघतं (फिबोनाचीच्या शेजारशेजारच्या आकड्यांचं गुणोत्तर त्याच्याच जवळ जातं), कागद घेऊन 4 पायऱ्यांचं मोजून बघा, 5 येतील.

अर्थात प्रतिस्पर्धी गप्प बसले तर! त्यांच्यातल्या कुणाकडे 7 इस्पिक आणि बाकी भंगार असेल तर तो सुरुवातीलाच 3 इस्पिक ठोकतो. 35 पैकी 14 पायऱ्या एका झटक्यात गायब, आणि 4 इस्पिकपर्यंत तुमच्या हातात उरतात फक्त 5.