रुपयाचा विनिमय दर : कालश्रेणी आणि आंतरराष्ट्रीय तुलना

एका डॉलरला किती रुपये पडतात याची वर्षानुवर्षांची नोंद म्हणजे रुपयाच्या विनिमय दराची कालश्रेणी. भारताचे उत्पन्न, कर्ज किंवा निर्यात दुसऱ्या देशाशी ताडून पाहायची तर दोन्हीकडचे आकडे एकाच चलनात आणावे लागतात; ते काम या श्रेणीवर चालते. दर ‘डॉलरला इतके रुपये’ असा लिहितात, म्हणून आकडा वाढला की रुपया घसरला. जपानी येनचा दर मात्र आपल्याकडे १०० येनला दिलेला असतो. हे लक्षात न घेता भागाकार केला की उत्तर शंभर पटींनी चुकते.

रोजचा अधिकृत संदर्भ दर मुंबईत निघतो. बँकांमधली डॉलर-रुपयाची खरेदी-विक्री सकाळी ९ ते दुपारी ३.३० चालते. त्यातल्या ११.३० ते १२.३० या तासातली कोणतीही १५ मिनिटे, आधी न सांगता, निवडतात आणि तेवढ्या वेळात प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांवरून दर काढतात. वेळ कोणालाच ठाऊक नसल्याने ऐनवेळी मोठा सौदा टाकून दर हलवणे अवघड जाते. पूर्वी हा दर रिझर्व्ह बँक काढत असे. १० जुलै २०१८ पासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था काढते. फोर्टातल्या मनी चेंजरच्या फलकावर दिसणारे खरेदीचे आणि विक्रीचे दर वेगळे: त्यांत नोटा बाळगण्याचा खर्च आणि दुकानदाराचा नफा मिसळलेला असतो. ते प्रवाशाच्या कामाचे, कालश्रेणीच्या नव्हेत.

‘१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता’ हे वाक्य दर पंधरा ऑगस्टला फिरते. ते खरे नाही. तेव्हा रुपयाची गाठ पौंडाशी होती. १९२७ च्या कायद्याने रुपया १ शिलिंग ६ पेन्सचा ठरला, म्हणजे एका पौंडाला १३.३३ रुपये. पौंड ४.०३ डॉलरचा होता. भागाकार केला की डॉलरला ३.३१ रुपये येतात. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड २.८० डॉलरवर उतरला, त्याच्याबरोबर रुपयाही उतरला, आणि त्याच भागाकाराने दर ४.७६ झाला. हा दर १९६६ पर्यंत तसाच राहिला.

६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने दर ४.७६ वरून ७.५० वर गेला. या घटनेबद्दल दोन टक्केवाऱ्या वाचायला मिळतात, ३६.५ आणि ५७.५, आणि दोन्ही बरोबर आहेत. डॉलर रुपयात ५७.५ टक्क्यांनी महागला. रुपया डॉलरमध्ये ३६.५ टक्क्यांनी उतरला. पाया बदलला की टक्केवारी बदलते, म्हणून कोणत्या चलनाकडून मोजले ते लिहायलाच हवे. त्याच वर्षाची सरासरी काढतानाही घोळ होतो. दिवस मोजून पाहा: १९६६ या कॅलेंडर वर्षात जुना दर १५६ दिवस आणि नवा २०९ दिवस होता, सरासरी ६.३३ येते. १९६६-६७ या आर्थिक वर्षात जुना दर फक्त ६६ दिवस राहिला, सरासरी ७.०० येते. आपली राष्ट्रीय उत्पन्नाची आकडेवारी एप्रिल ते मार्चची. तिला कॅलेंडर वर्षाचा दर लावला की अवमूल्यनाच्या वर्षी सगळी तुलना बिघडते.

सप्टेंबर १९७५ मध्ये रुपया पौंडापासून सुटून अनेक चलनांच्या टोपलीशी जोडला गेला. जुलै १९९१ च्या १ आणि ३ तारखांना दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. मार्च १९९२ पासून वर्षभर दोन दर एकत्र नांदत होते: निर्यातदाराने आणलेल्या परकीय चलनापैकी ४० टक्के सरकारी दराने, उरलेले ६० टक्के बाजारभावाने. मार्च १९९३ मध्ये ते एक झाले. त्या मधल्या वर्षाचा फक्त सरकारी दर श्रेणीत ठेवला, तर १९९३ साली रुपया एकाएकी कोसळल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात बाजारभाव आधीच तिथे पोहोचलेला होता.

सरासरी दर घ्यायचा की वर्षअखेरचा, हा नेहमीचा प्रश्न. २०१६-१७ मध्ये सरासरी ६७.०७ होती, तर मार्चअखेरचा दर ६४.८४. वर्षभर साठत जाणाऱ्या गोष्टींना, म्हणजे उत्पन्न, आयात, निर्यात यांना सरासरी लावतात. एका तारखेच्या साठ्याला, जसे परकीय कर्ज, त्या तारखेचा दर. सरासरीत सुटीचे दिवस शून्य धरू नयेत, फक्त कामकाजाचे दिवस मोजावेत. ‘डॉलरला रुपये’ या सरासरीचा व्यस्त काढून ‘रुपयाला डॉलर’ची सरासरी मिळत नाही, दर जितका हलता, तितका फरक मोठा.

राहणीमानाची तुलना करायची तर बाजारदर अपुरा पडतो. केशकर्तनालयात किंवा खानावळीत द्यायचे पैसे दादरमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये सारखे नसतात, आणि या सेवा निर्यातही होत नाहीत. म्हणून क्रयशक्ती समता वापरतात, म्हणजे त्याच वस्तू आणि सेवा दोन्ही देशांत घ्यायला किती पैसे लागतात त्यावरून काढलेला दर. आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या २०१७ च्या फेरीत ती डॉलरला २०.६५ रुपये निघाली, बाजारदर ६५.१२ असताना. त्यामुळे भारताचे उत्पन्न तिप्पटीहून मोठे दिसते. हा मापदंड उत्पन्नासाठी ठीक. परदेशी कर्ज किंवा तेलाचे बिल मात्र बाजारदरानेच फेडावे लागते, तिथे तो लावणे चूक.

दुबईतून रत्नागिरीला पैसे येणाऱ्या घरांना दिऱ्हामचा दर लागतो. दिऱ्हाम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे. डॉलर ८३ रुपये असेल तर दिऱ्हाम २२.६० रुपये. म्हणजे दिऱ्हामची वेगळी श्रेणी न शोधता डॉलरचीच या आकड्याने भागावी.

निर्यातीची स्पर्धाशक्ती पाहणाऱ्यांनी मात्र वास्तविक प्रभावी दर घ्यावा. त्यात व्यापाराच्या वाट्याप्रमाणे अनेक चलने असतात आणि दोन्हीकडच्या महागाईतला फरकही धरलेला असतो. रुपया ४ टक्क्यांनी उतरला आणि आपली महागाईही तितकीच जास्त असली, तर निर्यातदाराला काही मिळाले नाही. या दराचा रिझर्व्ह बँकेचा जुना निर्देशांक ३६ चलनांचा आणि २००४-०५ पायाचा (म्हणजे त्या वर्षीचा आकडा १०० धरलेला). आताचा ४० चलनांचा, पाया २०१५-१६. दोन्ही एकाखाली एक चिकटवू नयेत. ज्या वर्षी दोन्ही उपलब्ध आहेत, त्या वर्षीच्या आकड्यांचे गुणोत्तर काढून जुन्या श्रेणीला लावावे, मग जोडावे.